पावसाळ्यात श्रवणयंत्र बंद पडलं तर, नवीन घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीला राहणाऱ्या तुमच्या ७६ वर्षांच्या बाबांना जानेवारीत दोन्ही कानांना कानामागची श्रवणयंत्रं बसवली. मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं. पाऊस सुरू झाला आणि उजवं यंत्र अधूनमधून बंद पडायला लागलं, डावं शिट्टी वाजवायला लागलं, सेल चार दिवसांत संपायला लागले. भजनी मंडळात सगळ्यांसमोर शिट्टी वाजली, त्या दिवसापासून बाबांनी दोन्ही यंत्रं कपाटात ठेवून दिली. दुकानदार म्हणतो, मशीन गेलं, चार्जिंगचं नवीन घ्या. तर नवीन घ्यायचं का, आणि तोवर जुनं तांदळाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का?

आत्ता नवीन घेऊ नका. मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते आणि दर पावसाळ्यात अशी ‘गेलेली’ यंत्रं माझ्याकडे येतात. त्यातली बरीचशी गेलेली नसतात. कानामागच्या यंत्राचे दोन भाग असतात. एक म्हणजे कानामागे बसणारं इलेक्ट्रॉनिक मशीन. दुसरा म्हणजे कानात बसणारा, मापाने बनवलेला मोल्ड आणि त्याला मशीनशी जोडणारी प्लास्टिकची नळी. पैसे आपण पहिल्या भागाचे मोजतो, म्हणून काही बिघडलं की शंकाही त्याचीच येते. प्रत्यक्षात मुंबईच्या हवेत आधी त्रास देते ती नळी, मग मोल्ड, मग सेल. मशीनचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा.

अर्थात तुमचं यंत्र समोर नसताना मी खात्री देऊ शकत नाही. बाबांचा श्रवणदोष किती आहे, यंत्राला जाड नळी आणि मोल्ड आहे की केसासारखी बारीक नळी, की कानात जाणारी तार आणि टोकाला छोटा स्पीकर, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही ‘मापाने केलेला मोल्ड’ असं लिहिलंय, म्हणून मी जाड नळीचं यंत्र धरून लिहिते. तारेचं असेल तर खाली धुण्याबद्दल जे सांगणार आहे ते अजिबात करू नका. त्या टोकाला पाणी लागलं की स्पीकर जातो.

आधी उजवं, बंद पडणारं यंत्र घ्या. पाकिटातून नवा सेल काढा. या सेलना झिंक-एअर म्हणतात. पाठीवरचा स्टिकर काढला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि मग वीज तयार होते. म्हणून स्टिकर काढल्यावर दोन ते पाच मिनिटं थांबा आणि मगच सेल यंत्राच्या छोट्या उघडत्या दारात बसवा. घाईने लगेच बसवलेला सेल पूर्ण ताकदीने काम करत नाही. अधिकचं चिन्ह असलेली, भोकं असलेली बाजू दिसत राहील अशी ठेवून दार पूर्ण बंद करा.

आता नळी मशीनच्या वाकड्या हुकवरून हळूच ओढून वेगळी करा. फक्त मशीन हातात घ्या, आवाज वाढवा आणि दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे. आता नळी आणि मोल्ड परत लावून तेच करा. या वेळी शिट्टी आली नाही, तर अडथळा नळीत किंवा मोल्डमध्ये आहे. एक तर पाण्याचा थेंब अडकलाय, नाही तर मळाने भोक बुजलंय. दोन्ही गोष्टी घरी सुटतात. काही नव्या यंत्रांत शिट्टी दाबण्याची सोय असते, त्यामुळे नुसतं मशीन ओंजळीत धरूनही शिट्टी आली नाही म्हणजे ते मेलंच, असं ठरवू नका. हुकच्या आत कधीकधी एक बारीक फिल्टर असतो. तोही दमटपणाने बंद होतो आणि तो क्लिनिकमध्ये मिनिटभरात बदलता येतो. एक सावधगिरी म्हणून सांगते, जोरकस यंत्र पूर्ण आवाजावर स्वतःच्या कानाला लावून तपासू नका. तुमच्या चांगल्या कानाला ते झेपणार नाही.

डाव्या यंत्राची शिट्टी कुठून येते तेही घरी कळतं. यंत्र चालू असताना मोल्ड कानाबाहेर काढा आणि कानात जाणाऱ्या टोकाचं भोक बोटाने घट्ट बंद करा. शिट्टी थांबली, तर यंत्र आणि नळी ठीक आहेत. आवाज मोल्ड आणि कानाच्या मधल्या फटीतून बाहेर येऊन मायक्रोफोनमध्ये परत शिरतोय. थांबली नाही, तर नळीला चीर आहे किंवा ती मोल्डपाशी सैल झालीय. नळी काढून हुकचं टोक बोटाने बंद केलं आणि तरीही शिट्टी चालूच राहिली, तर मात्र दोष मशीनच्या आत आहे आणि ते दुरुस्तीला द्यावं लागेल.

मोल्ड आणि कानाच्या मधून आवाज गळतोय असं निघालं, तर पहिलं कारण मोल्ड नीट न बसणं हेच असतं. मोल्डचा वरचा आकडा कानाच्या वरच्या घडीखाली सरकवावा लागतो. तो बाहेर राहिला तर लांबून सगळं ठीक दिसतं, पण शिट्टी वाजते. बाबांना आरशासमोर बसवून शिकवा. विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आधी मोल्डचं टोक कानाच्या नळीत घालायचं, मग थोडं फिरवून वरचा आकडा घडीत बसवायचा आणि शेवटी मशीन कानामागे. दार नंतर बंद करायचं, म्हणजे घालताना शिट्टी वाजत नाही. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. हे सगळं नीट करूनही शिट्टी राहिली, तर कानात मळ साठलाय का ते कान-नाक-घसा डॉक्टरांकडून पाहून घ्या. आवाज मळावर आपटून परत येतो. घरी पिन, काडी, कापूस काहीही घालू नका आणि कोमट तेल तर मुळीच नको. मळ नसेल, तर मोल्ड सैल झालाय. वजन कमी झालं की कानाचा आकारही थोडा बदलतो. नवा मोल्ड करून घ्यावा लागेल, पण तो नव्या यंत्राच्या तुलनेत फार स्वस्त असतो.

नळीकडे स्वतंत्रपणे बघा. नवी नळी पारदर्शक आणि मऊ असते. ती पिवळी आणि कडक झाली की आखडते आणि मोल्डला कानातून बाहेर ओढते. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती बदलायची असते. आपल्याकडच्या घामात मी सहा महिने थांबत नाही. बाबांची जानेवारीची नळी जुलैतही तीच असेल, तर डाव्या यंत्राचं उत्तर कदाचित तिथेच आहे.

आता दमटपणाचं. कानाच्या आतली हवा शरीराइतकी उबदार आणि ओलसर असते. मोल्डने कान बंद झाला की ती हवा नळीत शिरते आणि नळी बाहेर थंडाव्यात असेल तर तिथे थेंब धरतात, गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून धरतात तसे. एसी लोकलमधून ठाण्याला जाऊन आलं, एसी लावलेल्या बँकेत तासभर बसलं, तरी हे होतं. उलट थंड डब्यातून दमट प्लॅटफॉर्मवर उतरलं की गार झालेल्या मशीनवरही ओल धरते. त्यात पाऊस आणि घाम मिळाला की दिवसभरात यंत्र सुकायला वेळच मिळत नाही. म्हणून उजवं यंत्र ‘अधूनमधून’ बंद पडतं. थेंब नळीत आला की आवाज बंद, सरकला की परत चालू. आतून तुटलेलं यंत्र सहसा असं वागत नाही.

उपाय रोज रात्रीचा आहे आणि तो सोपा आहे. झोपताना यंत्रं काढा आणि स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने पुसा. नळी हुकवरून काढून रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारून थेंब बाहेर घालवा. तोंडाने फुंकू नका, फुंकरेत ओलावा असतो. सेल बाहेर काढा, दार उघडं ठेवा आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा. सेल डबीत ठेवू नका, जास्त कोरड्या हवेत तो आतून सुकतो. जेलचे रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगी असतील तर ओल शोषून हिरवे होतात, मग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गरम करून परत वापरता येतात. पावसाळ्यात ते किती लवकर रंग बदलतात ते पाहून तुम्हालाच हवेचा अंदाज येईल. परवडत असेल, तर विजेवर चालणारी सुकवायची पेटी घ्या. घरात दोन यंत्रं आणि पुढे अनेक पावसाळे असतील तर तो खर्च वाया जात नाही.

तांदूळ नको. तो ओल फार हळू ओढतो आणि त्याची पूड मायक्रोफोनच्या बारीक भोकांत जाऊन बसते. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, कडक ऊन, टीव्हीच्या गरम सेट-टॉप बॉक्सवर ठेवणं, हे सगळं लोक करतात आणि त्याने खरोखरच मशीन जातं. यंत्राच्या बॉक्सवर आयपी ६८ (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी स्वच्छ पाण्याची आणि धुळीची असते, घामातल्या मिठाची नाही. आणि मशीनमध्ये पाणी शिरलं नाही तरी नळीत थेंब अडकला की आवाज बंद होणारच.

सेल चार दिवसांत का संपतात? तुम्ही नारिंगी पट्टीचे, म्हणजे १३ नंबरचे सेल लिहिले आहेत. ते दिवसभर वापरून साधारण एक ते दोन आठवडे चालतात. दमट हवेत हे सेल हवेबरोबर ओलावाही ओढतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. भोकांवर पाण्याचा पातळ थर बसला तर हवाच मिळत नाही. पण आणखी एक शक्यता पाहा. एकदा स्टिकर काढला की यंत्र वापरा किंवा कपाटात ठेवा, सेल आपोआप उतरत राहतो. बाबा एक दिवस घालून तीन दिवस ठेवून देत असतील, तर ‘चार दिवसांत संपला’ हे यंत्राचं लक्षण नाही. स्टिकर परत चिकटवून काही फायदा होत नाही. सेल फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर ओल धरते. सेल फुगून दारात अडकला असेल तर चिमट्याने उचकटू नका, यंत्र तसंच क्लिनिकमध्ये न्या. आणि हे सेल औषधांच्या डबीजवळ कधीही ठेवू नका. वयस्कर माणसं गोळी समजून सेल गिळतात, नातवंडं खेळता खेळता गिळतात. असं झालं तर ताबडतोब रुग्णालयात न्यायचं, वाट पाहायची नाही.

मोल्ड आठवड्यातून एकदा तरी धुवा. एका वेळी एकच बाजू वेगळी करा, म्हणजे उजवं-डावं मिसळत नाही. फक्त मोल्ड आणि नळी, कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, इतकंच. स्पिरिट किंवा डेटॉल नको, प्लास्टिक खराब होतं. धुतल्यावर ब्लोअरने नळीतलं पाणी काढा आणि रात्रभर वाळू द्या. परत जोडताना नळीचा बाक मशीनच्या बाकाशी जुळतोय ना ते पाहा, नाही तर मोल्ड उलटा लागतो. बाबांची बोटं थरथरत असतील तर हे काम घरातल्या कुणी तरी आपल्याकडे घ्यावं. त्यांच्यावर सोपवलं की पंधरवड्याने मोल्ड बुजलेला सापडतो.

आपल्याकडच्या दोन सवयी यंत्राला फार त्रास देतात, डोक्याला चोपडलेलं खोबरेल आणि मानेवरची पावडर. तेल कानामागून ओघळून मायक्रोफोनच्या जाळीवर बसतं, वर पावडर पडली की लेप तयार होतो. मग आवाज बारीक येतो आणि आपण आवाज वाढवतो, की पुन्हा शिट्टी. मी तेल बंद करा असं कुणालाही सांगत नाही. अंघोळ, दाढी, तेल, पावडर सगळं आटपून, हात साबणाने धुऊन, कानामागची जागा पुसून मग यंत्र घाला. रात्री तेल लावत असतील तर आणखी चांगलं. पावसात बाहेर पडताना टोपी किंवा छत्री पुरते. पूर्ण भिजायची वेळ आली तर यंत्रं काढून डबीत आणि डबी पिशवीत. त्यासाठी एक छोटी डबी खिशात हवीच.

इथवर यंत्राचं झालं. तुमच्या प्रश्नात मला जास्त काळजी वाटली ती कपाटाची. बाबांना सगळ्यांदेखत ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी ऐकणंच सोडलं. शिट्टी बंद केलीत तरी ते लगेच आनंदाने यंत्र घालतील असं धरून चालू नका. काही आठवडे यंत्राशिवाय गेले की मेंदूची सवय मोडते आणि भांड्यांचा, पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज पुन्हा टोचायला लागतो. घरात, शांत वेळी, एक-दोन तासांपासून परत सुरू करा. आधी एका माणसाशी बोलणं, मग टीव्ही, मग सगळं घर एकत्र जेवताना, आणि भजनी मंडळ सगळ्यात शेवटी. पेटी, टाळ, पखवाज एकदम वाजतात तिथे अनुभवी वापरणाऱ्यालाही कष्ट पडतात. ऑडिओलॉजिस्टला नेमकं सांगा, ‘ताटं वाजली की टोचतं’, ‘सुनेचं कळतं, नातवाचं कळत नाही’. अशा वाक्यांवरून यंत्राची सेटिंग बदलता येते. नुसतं ‘बरोबर नाही’ म्हटलं तर काही करता येत नाही.

तुम्ही सगळ्यांनीही समोर येऊन, आधी हाक मारून, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. यंत्र घातलेल्या कानाशी ओरडलं की शब्द फाटतात. मोबाइल कानाच्या भोकाशी धरू नका, थोडा वर आणि मागे, यंत्राच्या मायक्रोफोनजवळ धरा. ‘फोनवर ऐकू येत नाही’ ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच जाते.

चार्जिंगच्या यंत्राबद्दल. त्याचा खरा फायदा आहे. बारीक सेल काढ-घाल करायला नको, थरथरत्या हातांना ते फार सोयीचं पडतं. पण मोल्ड आणि नळी त्यालाही असते, त्यामुळे पाण्याचा थेंब, कडक नळी, सैल मोल्ड या तिन्ही तक्रारी तिथेही येतील. शिवाय आतली बॅटरी काही वर्षांनी थकते आणि कोकणात गावी वीज गेली की चार्जरची आठवण ठेवावी लागते. पुढे कधी यंत्र बदलायची वेळ आली तेव्हा बाबांच्या बोटांकडे पाहून तो निर्णय घ्या, या पावसाळ्यातल्या त्रासामुळे नको.

‘मशीन गेलं’ असं सांगणाऱ्याला विचारा, नेमकं काय गेलं, आणि यंत्र मोजणीच्या उपकरणावर लावून काढलेला आलेख मागा. जानेवारीत घेतलेलं यंत्र वॉरंटीत असण्याची शक्यता दाट आहे, बिल आणि सिरीयल नंबर शोधून ठेवा. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे विचारण्यात काही चूक नाही. दुसरं मत हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचा ऑडिओलॉजी विभाग आहे. पुढेमागे नवीन यंत्र घ्यावंच लागलं आणि उत्पन्न कमी असेल, तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं का याची चौकशीही वांद्र्याला करता येईल, त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. विकत घेतलं तर लक्षात ठेवा, श्रवणयंत्रावर जीएसटी नाही.

काही वेळा मात्र घरगुती तपासणीत वेळ घालवू नका. कान वाहतोय, दुखतोय, खाज सुटून बुरशीसारखं पांढरं-काळं दिसतंय, तर त्या कानात मोल्ड घालणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात बंद, ओलसर कानात बुरशी सहज धरते. आणि यंत्र ठीक असूनही एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यात उपचार लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

क्लिनिकमध्ये जाल तेव्हा दोन्ही यंत्रं, मोल्ड, न उघडलेले सेल, जानेवारीचा ऑडिओग्रॅम (श्रवणचाचणीचा आलेख) आणि बिल न्या आणि बाबांनाही बरोबर न्या. बरीच मुलं कामावर जाता जाता नुसती यंत्रं आणून देतात. नळी मी बदलून देऊ शकते, पण मोल्ड बसतोय का, कानात मळ आहे का, ऐकू येणं जानेवारीइतकंच आहे का, हे बाबा समोर असल्याशिवाय तपासता येत नाही.